'उपचार सोडला' असं कोण म्हणतं?



फाईलच्या वरच्या पानावर लाल शाईनं तीन शब्द लिहिलेले असतात : उपचार अर्धवट सोडला. फाईल इंग्रजीत असेल तर एकच शब्द, डिफॉल्टर. बँकेचं कर्ज बुडवणाऱ्यालाही हाच शब्द लावतात. कॅन्सरच्या रुग्ण बायकांबरोबर काम करायला लागल्यापासून अशा फाईलींवरचे पत्ते उतरवून घ्यायचे आणि त्या घरी जाऊन यायचं, हे काम माझ्याकडे आलं. या अंकासाठी दुसऱ्याच विषयाची टिपणं काढून ठेवली होती. पण गेल्या हिवाळ्यात मराठवाड्यातल्या एका घरी गेले ती भेट डोक्यातून जात नाही, म्हणून आधी तिच्याबद्दल लिहिते.

बाईचं वय पंचेचाळीसच्या आसपास. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर, तिसरी स्टेज. पंचवीस 'शेक' ठरले होते. (किरणोपचाराला बायका शेकच म्हणतात, आणि मला तो शब्द डॉक्टरांच्या शब्दापेक्षा बरा वाटतो.) सोळा झाले आणि बाई गावी गेली ती आलीच नाही. मी पोचले तेव्हा ती चुलीपुढे बसून डिंक तळत होती. आत बाजेवर तिची लेक आणि आठ दिवसांचं बाळ. मला पाहून ती ओशाळली नाही. म्हणाली, "सोडलं कुठं ताई? लेकीचं पहिलं बाळंतपण हाय. माहेराला आली ती. तिला काय सांगू, माझे शेक चाललेत, तू सासरीच बाळंत हो म्हणून? सवा महिना होऊ द्या, येतेच की."

डॉक्टरांचा हिशेब वेगळा असतो. बाहेरून द्यायचे शेक आठवड्यातले पाच दिवस, असे साधारण पाच आठवडे. त्याच्याबरोबर आठवड्यातून एकदा केमोची सलाईन. मग आतून द्यायचे किरणोपचार. हे सगळं आठ आठवड्यांच्या आत पुरं व्हावं लागतं. मध्ये मोठा खंड पडला तर गाठीतल्या उरलेल्या पेशी पुन्हा जोम धरतात आणि आधी घेतलेल्याचाही उपयोग कमी होतो. म्हणजे एकीकडे आठ आठवडे आणि दुसरीकडे सवा महिना. या दोन्हींची गाठ कशी घालायची ते त्या बाईनं एकटीनं ठरवलं. तिनं सवा महिना निवडला, कारण त्याचं महत्त्व तिला जन्मापासून ठाऊक होतं. आठ आठवड्यांचं महत्त्व तिला कुणी सांगितलंच नव्हतं. "रोज या, चुकवू नका" एवढं सांगितलं होतं, पण ते शाळेतही सांगतात.

आणि ही काही आशा सोडलेली केस नव्हती. टाटा मेमोरियल रुग्णालयानं याच आजाराच्या तिसऱ्या स्टेजमधल्या ८५० बायकांचा केलेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. शेक आणि केमो दोन्ही मिळालेल्या बायकांपैकी ५४ टक्के पाच वर्षांनंतर जिवंत होत्या. नुसते शेक मिळालेल्यांपैकी ४६ टक्के. 'तिसरी स्टेज म्हणजे संपलंच' असं आपल्यातल्या कार्यकर्त्याही म्हणतात, मीही म्हणत असे. ते खरं नाही. निम्म्याहून जास्त बायका जगू शकतात. अट एकच, उपचार वेळेत पुरे झाले पाहिजेत.

मी हे सगळं बोलत होते तेव्हा लेक बाजेवर उठून बसली. तिला 'आईच्या पिशवीला सूज आहे' एवढंच सांगितलं होतं. ती रडायला लागली. म्हणाली, "मला ठावं असतं तर मी आलेच नसते." आईनं तिला गप्प केलं, बाळंतिणीनं रडू नये म्हणून.

या गोष्टीत दुष्ट कोण? नवरा दारू पिणारा नव्हता, मारणारा नव्हता. सासू केव्हाच वारली होती. लेक तर आईसाठी जीव टाकणारी. डॉक्टरही कामाच्या ओझ्याखाली दबलेले होते. आपल्या लेखांत आपण खलनायक शोधतो आणि तो सापडला की लिखाण सोपं होतं. इथं तो नाही. इथं फक्त एवढं आहे की घरात जी सगळ्यांची काळजी घेते ती आजारी पडली, आणि तिची जागा घ्यायला दुसरं कुणी नव्हतं. तीही तसंच धरून चालली होती. आजारी असूनही काळजी घेण्याचं काम तिच्याकडेच राहिलं.

पुरुषांच्या वॉर्डात जाऊन पाहा. खाटेशेजारी बायको असते. तिचं अंथरूण खाटेखाली, तिचा डबा खिडकीत. तिनं घर कुणावर टाकलं, रोजगार किती बुडाला, हे विचारायची पद्धत नाही, ती असणारच हे गृहीत असतं. आता बायकांच्या वॉर्डात या. खाटेशेजारी आई, बहीण, माहेरची भावजय, नाहीतर शाळा बंद करून आणलेली चौदा-पंधरा वर्षांची मुलगी. नवरा भरतीच्या दिवशी सही करायला असतो, ऑपरेशनच्या दिवशी असतो. मग "घरी जनावरं आहेत" म्हणून जातो. ते खोटं नसतं, जनावरं खरंच असतात. पण नवरा आजारी असतो तेव्हाही जनावरं असतातच, त्यांचं काय झालं हे कुणी विचारत नाही. आईसोबत आलेल्या त्या मुलीची शाळा पुढं सुरू होते का, याचीही नोंद कुठं नसते.

अपवाद आहेत, ते सांगायलाच हवेत. एक नवरा दीड महिना बायकोबरोबर राहिला. रोज पहाटे नळावर तिचे रक्तानं भरलेले कपडे धुवायचा. बाकीच्या पुरुषांनी त्याला नाव पाडलं होतं. मी त्याचं कौतुक करायला गेले तर म्हणाला, "इथं कुणी ओळखीचं नाही म्हणून जमतं ताई. गावाकडं आईच्या देखत जमलं नसतं." हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं आहे. पुरुषाला काळजी घेता येत नाही असं नाही, घेऊ दिली जात नाही असंही आहे.

पैशाचं बोलायचं तर परिस्थिती पूर्वीपेक्षा सुधारली, हे मान्य करायला हवं. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढं राज्यभर गेली, २०१७ मध्ये तिला महात्मा जोतीराव फुल्यांचं नाव मिळालं. २०२४ पासून ती राज्यातल्या सर्व कुटुंबांना लागू झाली आणि दर कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार तिच्यात बसतात. ऑपरेशन, केमो, शेक यांचा खर्च त्यातून निघतो. पण योजना मशीनचं भाडं देते, खोलीचं देत नाही. पाच-सहा आठवडे परगावी राहायचं तर राहायचं कुठं? दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेनं आजवर किती रुग्णांना आसरा दिला असेल, पण सगळ्यांना कुठली जागा पुरणार? परळच्या फूटपाथवर प्लास्टिक बांधून राहणारी कुटुंबं मुंबईकरांनी पाहिली आहेत. फूटपाथवर राहायची वेळ आली की बाईची अडचण आणखी वेगळी होते. तिच्या खालून रक्त जात असतं, स्राव जात असतो, वास येत असतो. शेकांनी लघवीची जळजळ होते, जुलाब लागतात. संडास लांब आणि पैसे देऊन जायचं. एक बाई दिवसभर पाणीच पीत नव्हती, आणि डॉक्टर तिला रोज रागावायचे की भरपूर पाणी पी.

एसटीत बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट झालं आणि त्याचा उपयोग होतो, हे मी डोळ्यांनी पाहते. पूर्वी "भाड्याला पैसे नाहीत" हे कारण मी जितक्यांदा ऐकायची तितक्यांदा आता ऐकत नाही. आता ऐकू येतं ते "सोबत कुणी नाही" हे.

योजनेत आणखी एक पाचर आहे. योजना कुटुंबाला मिळते आणि कुटुंब म्हणजे रेशनकार्डावरचं कुटुंब. एका परित्यक्ता बाईच्या स्तनात गाठ निघाली. नवऱ्यानं दहा वर्षांपूर्वी टाकलेली, दुसरं घर केलेलं. बाई भावाकडे राहते, पण नाव अजून नवऱ्याच्या कार्डावर. तिचं नाव तिथून कमी करून घ्यायला तीन आठवडे गेले. नवरा कार्ड द्यायला तयार नव्हता, त्याला वाटलं ही पोटगी मागायला आली. भावजय स्वतःच्या कार्डावर तिचं नाव चढवायला तयार नव्हती, तिला वाटलं उद्या घरात हिस्सा मागेल. त्या तीन आठवड्यांत गाठ थांबून राहिली नव्हती. परित्यक्तांच्या चळवळीनं वेगळ्या रेशनकार्डाची मागणी केली तेव्हा ती धान्यासाठी होती असं लोकांना वाटलं. आज तेच कार्ड केमोची बाटली मिळण्यासाठी लागतं.

पुढं त्या बाईचा पूर्ण स्तन काढला. गाठ लहान होती, स्तन राखूनही ऑपरेशन करता आलं असतं. पण स्तन राखला तर नंतर शेक घ्यावेच लागतात, शेकांसाठी शहरात राहावं लागतं, आणि राहायला जागा नव्हती. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तीच म्हणाली, "काढून टाका." फाईलवर 'रुग्णाची पसंती' असं लिहिलं गेलं.

आता उशिरा येण्याबद्दल. 'बायका उशिरा येतात' ही डॉक्टरांची नेहमीची तक्रार, आणि तिच्यात तथ्य आहे. पण त्या उशिरा का येतात? साठीकडे झुकलेल्या एका मावशींची पाळी जाऊन दहा वर्षं झाली होती. पुन्हा अंगावरून लाल जायला लागलं. त्यांना वाटलं विटाळ परत आला. त्या देवघरापासून लांब बसू लागल्या, त्या वर्षीची वारी चुकवली. विधवा होत्या, त्यामुळे कुणाला सांगायची आणखी चोरी. "या वयात हिला काय झालं म्हणतील," हे त्यांचे शब्द. आठ महिन्यांनी जावेनं वाळत घातलेलं फडकं पाहिलं तेव्हा कळलं. पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त जाणं याचा अर्थ लगेच तपासणी, हे एक वाक्य गावातल्या प्रत्येक बाईच्या कानावर गेलं असतं तर? आपण पाळीच्या विटाळाविरुद्ध इतकी शिबिरं घेतली, पण ती सगळी मुलींसाठी. पाळी गेलेल्या बाईशी आपण त्याबद्दल बोललोच नाही.

बोलणारे बोलतात ते काय? भिंतीवरच्या पोस्टरवर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची कारणं असतात : लवकर लग्न, जास्त बाळंतपणं, अस्वच्छता. वाचणाऱ्या बाईला वाटतं, हे सगळं मीच केलं. लवकर लग्न तिनं केलं की तिचं लावलं? महाराष्ट्रात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वीस ते चोवीस वर्षांच्या दर शंभर बायकांपैकी जवळजवळ बावीस जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. शारदा कायदा १९२९ सालचा. ज्या मेहेरबाई टाटांच्या स्मृतीतून परळचं टाटा रुग्णालय १९४१ साली उभं राहिलं, त्यांनी त्या कायद्याची बाजू घेतली होती. त्यांच्या नावानं उभ्या झालेल्या वास्तूत आजही बालवधू उपचाराला येतात, चाळीस वर्षांच्या होऊन. 'अस्वच्छता' हा शब्द तर मला ऐकवत नाही. ज्या वस्तीत चार दिवसांनी टँकर येतो तिथं हे पोस्टर लावतात. हा आजार मुख्यतः एका विषाणूमुळं होतो, तो शरीरसंबंधातून येतो, तो अतिशय सर्रास आढळतो आणि बहुतेकींच्या शरीरातून आपोआप जातोही. त्यावरून कुणाच्या चारित्र्याची परीक्षा होत नाही, बाईच्या नाही आणि नवऱ्याच्याही नाही. हे दुसरं मुद्दाम लिहिते आहे, कारण एका कार्यकर्तीनं अर्धवट माहितीवर एका नवऱ्याला सगळ्यांसमोर झापलं आणि तो बायकोला उपचारातून उठवून घेऊन गेला.

आणि मग भीती. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ साली गाजलं. तीन वर्षांत जिल्ह्यातल्या खाजगी दवाखान्यांत ४,६०५ अशी ऑपरेशनं झाल्याचं सरकारनंच विधिमंडळात सांगितलं. नंतर ८२,३०९ बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. अनेकींना सांगितलं होतं, "काढली नाही तर कॅन्सर होईल." म्हणजे कॅन्सर हा शब्द बायकांपर्यंत पोचला आहे, चांगलाच पोचला आहे. तपासणी तेवढी पोचली नाही. त्याच राष्ट्रीय पाहणीनुसार तीस ते एकोणपन्नास वयाच्या दर शंभर भारतीय बायकांपैकी दोघींचीही गर्भाशयमुखाची तपासणी कधी झालेली नव्हती, आकडा १.९ टक्के. स्तनाची तर एकीचीही नाही, ०.९ टक्के. तपासणी अवघड आहे म्हणावं, तर १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमधल्या सुमारे दीड लाख बायकांवर अभ्यास झाला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी केलेल्या तपासणीमुळं मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले, हे २०१३ मध्ये जगासमोर आलं. त्यातल्या निम्म्या बायकांना तुलनेसाठी तपासणीशिवाय ठेवलं होतं आणि त्यावर रास्त आक्षेप घेतले गेले. गरीब बायकांच्या शरीरावर मिळवलेलं ते ज्ञान त्यांच्या गावच्या उपकेंद्रात अजून उतरलेलं नाही. देशात २०२२ साली या कॅन्सरनं जवळजवळ ८० हजार बायका गेल्या, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संस्थेचा अंदाज आहे.

उपचार झाल्यानंतरचं तर कुणी बोलतच नाही. शेकांनी योनीमार्ग आकसतो, संबंधाच्या वेळी दुखतं. त्यावर साधे उपाय आहेत, नर्स ते पाच मिनिटांत सांगू शकते. पण पुरुष डॉक्टर, भोवती चार विद्यार्थी, अशात बाई काय विचारणार? ती घरी जाते, नवऱ्याला नको म्हणते, आणि सहा महिन्यांनी आपल्या सल्ला केंद्रात 'नवरा नांदवत नाही' अशी केस येते. आपण कधी विचारलं का, बाई, तुझं ऑपरेशन, शेक काही झालं होतं का? आमच्या केंद्राच्या फॉर्मवर तो प्रश्न नव्हता. आता घातला आहे.

शेवटच्या दुखण्याबद्दल थोडकंच. 'आता घरी न्या' म्हटल्यावर बाई घरी येते आणि कण्हते. १९८६ साली वांद्र्याला शांती अवेदना सदन सुरू झालं, पुण्यात वारज्याला १९९७ साली सिप्लाचं केंद्र झालं, हे ज्यांना जमलं त्यांचं भाग्य. मॉर्फिनच्या साध्या गोळीवरचे कायद्याचे जाच २०१४ च्या दुरुस्तीनं सैल झाले, तरी मी काम करते त्या तालुक्यांत ती गोळी मला अजून मिळालेली नाही. आणि बाईच्या कण्हण्याची घराला सवय होते, ती बाळंतपणात कण्हते तेव्हापासून.

त्या डिंक तळणाऱ्या बाईकडे परत येते. त्या दिवशी संध्याकाळी आम्ही ओसरीवर बसलो. बचत गटातल्या दोघी आल्या, तिची धाकटी जाऊ आली, नवराही आला. कोण बाळंतिणीला बघेल, कोण स्वयंपाक करील, कोण बाईबरोबर जाईल असं कागदावर मांडलं. जावेनं बाळंतीण घेतली. नवऱ्यानं आठवड्यातले तीन दिवस घेतले, उरलेले दोन दिवस गटातल्या बायकांनी वाटून. एवढंच, यात क्रांती काही नाही. सोळा दिवसांच्या खंडानंतर बाई परत शेकाच्या रांगेत उभी राहिली. डॉक्टरांनी पुन्हा हिशेब केला, उरलेले शेक आणि आतले उपचार झाले. खंडाचा परिणाम किती होईल ते आज सांगता येत नाही. दर तीन महिन्यांनी तपासणी आहे.

फाईलवरचा लाल शेरा मात्र तसाच होता. मी खिडकीवरच्या कारकुनाला म्हटलं, आता तरी खोडा. तो चांगला माणूस आहे, त्यानं फाईल उलटीपालटी करून पाहिली. म्हणाला, "मॅडम, सोडल्याचा रकाना आहे, परत आल्याचा नाही. आणि कारणाचा पण नाही."

कारणाचा रकाना मागायचा असं आम्ही ठरवलं आहे. जिल्हा रुग्णालयाला आणि आरोग्य खात्याला द्यायचं निवेदन या अंकात शेवटच्या पानावर छापलं आहे. 'रुग्ण का आली नाही' या प्रश्नाखाली आम्ही नऊ कारणं लिहिली आहेत, दहावी जागा मोकळी ठेवली आहे. तुमच्या भागात बायकांनी कोणकोणती कारणं सांगितली, आणि सोबतीची पाळी लावून कुणाचे उपचार पुरे करून घेता आले का, ते पुढच्या अंकाच्या आत कळवा. पोस्टकार्ड चालेल.